कानात सांगितलेलं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या भावाला नाही, देवापुढं नाही. मनातल्या मनातसुद्धा पुरतं कधी उच्चारलं नाही — जिभेच्या टोकाशी आलं की उठायचं, भाजीत मीठ पडलं का बघायचं, वह्या तपासायला घ्यायच्या. असं साठ वर्षं चालवलं मी. आज बसलेय तर बसलेय. अडखळले तर थांबू द्या. पण विषय बदलायला लागले, तर मला टोका.

गल्लीत मला लई सरळ बाई समजतात. मास्तरीण होते ना. फटकळ, पण आतबाहेर एक, असं म्हणतात. म्हणू देते. काय करू दुसरं?

निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या वर्षी माझं लग्न झालं, जालन्याला दिलं मला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून औरंगाबादला आले. आमचं घर औरंगपुऱ्यात, गल्लीच्या शेवटाला. मागच्या दारानं निघालं की थोड्या वेळात खाम नदी. मुलगी झाली. दहाव्या दिवशी गेली. बारसं बाराव्या दिवशी असतं — म्हणजे दोनच दिवस कमी पडले बघा. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, पुरतात. दादानं तिला माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून नेलं. परत आला तेव्हा इतकंच म्हणाला, "नदीच्या वळणावर, बाभळीखाली ठेवली गं." पुढं कधीतरी मी एकटी जाऊन बघून आले. नदीच्या त्या वळणावर बाभूळ एकच होती.

नाव मी ठरवून ठेवलं होतं. कमळा. कुणाला सांगितलं नव्हतं. बारशाआधी नाव फोडायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. मग ते तसंच राहिलं माझ्यापाशी. ज्याला द्यायचं तेच माणूस नाही, मग त्या नावाचं करायचं काय? टाकून देता येतं का नाव?

वर्षाच्या आत नवरा विषमज्वरानं गेला. मी माहेरी आले ती कायमची. दादा कचेरीत कारकून. सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, आणि आता कचेरीत मराठी आलेली, तेव्हा तो संध्याकाळी माझ्याजवळ बसून जोडाक्षरं गिरवायचा. मी मुलींच्या शाळेत लागले. आणि वहिनी — तिच्याबद्दल सांगायलाच हवं. ती मला कधी तोडून बोलली नाही. विधवा नणंद घरात म्हणजे काय असतं, तुम्हाला ठाऊक आहे. पण ती पहिला गरम चहा मला द्यायची. वाईट असती ना, तर आज मला सोपं गेलं असतं.

वहिनी अंबाजोगाईकडची. तिला दोन मुली, तुळजा आणि रेणुका. तुळजापूरची देवी, माहूरची देवी. तिसरी झाली तेव्हा तिचं आधीच ठरलेलं — योगेश्वरी, तिच्या गावची. "तिघी आपल्या मुलखातल्या आया," म्हणायची, "दारात उभं राहून हाक मारली तर आरतीच म्हटल्यासारखं वाटंल की वन्सं!" घरात मात्र कुरबुर झाली. योगेश्वरी कुमारिका. तिच्या लग्नाची वेळ टळली आणि आलेलं वऱ्हाड जागच्या जागी दगडाचं झालं, अशी कथा आहे. ते दगड वहिनीनं लहानपणी पाहिलेले. आमच्या काकू म्हणाल्या, असल्या देवीचं नाव पोरीला ठेवू नये, पोरीचं काही धड होत नाही. वहिनी हटली नाही. बहिणींच्या नावांशी शोभतं, दैवताचं आहे, बस.

दुसरी कुरबुर माझ्यावरून झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा. पण आत्या कसली, तर कपाळ पांढरं, पोटचं पोर गेलेलं. तिनं पाळण्याला हात लावायचा? काकू मला ऐकू जाईल असंच बोलल्या. मी शेगडीवर घुगऱ्या ढवळत होते. तेवढ्यात वहिनी बाळंतिणीच्या खोलीतून, डोक्याला फडकं बांधलेली, भिंतीला धरत धरत बाहेर आली. म्हणाली, "माझ्या लेकीची आत्या तीच. नाव तीच ठेवंल, नायतर बारसंच नको."

असं जिनं माझ्यासाठी केलं, तिच्याशी मी —

टोका मला. व्हय, सांगते.

पाळणा सजवला होता. आत्या वाकून बाळाच्या कानात कुर्र करते आणि नाव सांगते, आणि बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात, तुम्ही पाहिलंच असेल. त्या कल्लोळात आत्या काय बोलली हे बाळाशिवाय कुणालाच ऐकू जात नाही. मी वाकले. तिच्या कानाला दुधाचा वास येत होता. आणि माझ्या छातीत काहीतरी पेटलं हो! हिच्या तिघींना देव्यांची नावं, ओळीनं, शोभणारी — आणि माझी बिननावाची मातीत? मी कुर्र केलं आणि म्हटलं, कमळा. दुसऱ्यांदा, कमळा. तिसऱ्यांदाही तेच. मग ताठ उभी राहिले आणि हसून मोठ्यानं सांगितलं, योगेश्वरी.

आपोआप तोंडातून निघालं असं सांगू का? नाही निघालं. एकदा निघालं असतं. तीनदा निघत नाही.

पोर वाढली. योगे म्हटलं की वळायची नाही. वहिनी घाबरली, बहिरी आहे की काय. मागं ताट आपटून बघितलं, तर दचकून वळली. कान तर ठणठणीत! मग एकदा घरात कुणी नसताना मी तिच्या पाठीमागून हळूच म्हटलं, कमळे. ती रांगत होती. थांबली. मान वळवून माझ्याकडं बघून हसली. माझ्या अंगावर काटा आला, आणि तुम्हाला खरं सांगते — मला आनंद झाला. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

मग मी तेच करत गेले. अंगणात, गच्चीवर, न्हाऊ घालताना. हे आपल्या दोघींचं नाव, आईला सांगायचं नाही, असं चांगलं शिकवलं तिला, पाढे शिकवावेत तसं. पलीकडच्या घरातल्या रझिया खालांनी भिंतीवरून एकदा ऐकलं. त्यांनी आमच्या घरची सगळी बाळंतपणं पाहिलेली. म्हणाल्या, "बाजी, बच्ची कू दो नामां नक्को देव. कौन किस कू बुलाया, समझता नै." मी हसून टाळलं.

पोर पाच वर्षांची झाली आणि वहिनी सांगायला लागली, ही खेळता खेळता थांबते, मागच्या दाराकडं बघते आणि "आले हं" म्हणते. मी म्हटलं, पोरं करतात असं. मनात म्हटलं, मीच हाक मारली असेन. पण वहिनी सांगायची त्या वेळा शाळेच्या. मी शाळेत असायचे, वर्गात. मग कोण?

आणि एक दिवस पोरच कुरकुरली, "आत्या, किती हाका मारतीस गं! शाळेतून बी मारतीस."

त्यानंतर मी हाक मारणं बंद केलं. पुरतं बंद. हाका थांबल्या नाहीत.

रविवार होता, भर दुपार. मी तांदूळ निवडत बसले होते, तोंड मिटून. ती समोर सागरगोटे खेळत होती. एकदम मान वळली. "आले," म्हणाली आणि मागच्या दारातून पळाली. मी दादाला हाक दिली, दोघं धावलो. उन्हात गल्ली रिकामी, पुढं ती अनवाणी, एकदाही न अडखळता चाललेली. त्या वाटेनं तिला कुणी कधी नेलं नव्हतं. नदीच्या वळणावर गेली आणि बाभळीखाली बसली. काटे होते खाली, त्यांच्यावरच मांडी घालून बसली. आणि बाजूला थोडी जागा सोडून.

दादाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती जागा त्याला ठाऊक होती. त्याला वाटलं, माझ्या गेलेल्या लेकीनं त्याच्या लेकीला धरलं. त्यानं पोरीला उचललं आणि वाटभर माझ्याकडं बघितलं नाही, मला वाईट वाटेल म्हणून.

चौथ्या दिवशी हर्सूलकडचा एक देवऋषी आणला. पोरीला पाटावर बसवलं. कोण बोलावतं, विचारलं. ती माझ्याकडं बघत होती — आईला सांगायचं नाही, शिकवलं होतं ना मी! दरडावल्यावर म्हणाली, "मला कमळा म्हणतात." सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. अशा नावाचं घरात कुणी नव्हतं. दारात रझिया खाला उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं, मग जवळ येऊन कुजबुजल्या, "बोल देव बाजी. अब्बी बोल देव."

एक वाक्य होतं. मी कानात दुसरं नाव सांगितलं, मीच तिला तसं बोलावते, पोरीत काही नाही. एवढंच बोलायचं होतं. शेगडीत सळई तापत होती, मला दिसत होती. बोलले असते तर काय झालं असतं? दादानं घराबाहेर काढलं असतं, फार तर. वहिनीनं तोंड फिरवलं असतं. ती माझ्याशी बोलणार नाही, ह्या एका भीतीनं माझी दातखीळ बसली.

ज्या कानानं ऐकते त्या कानामागं डाग द्यायचा, असं तो म्हणाला. दादानं हात धरले, वहिनीनं रडत रडत पाय धरले. डोकं धरायला कुणीतरी हवं होतं. मी धरलं. केस बाजूला सारून कान मोकळा केला तोही मीच.

ती किंचाळली ते मला सांगता येणार नाही.

ती हाकेला वळायची थांबली. कुठल्याच. योगे म्हणा, काही म्हणा, जवळ जाऊन हात लावावा लागायचा. जखम भरल्यावर एकदा, निव्वळ खात्री करायला म्हणून — बघा, माझा कोडगेपणा! — मी तिच्या मागं उभी राहून अगदी हळू म्हटलं, कमळे. ती वळली नाही, सागरगोटे झेलत राहिली. आणि मागच्या दारातून, बाहेरून, स्पष्ट आवाज आला, "आले." भास झाला म्हणाल. मी भास होणारी बाई नाही. मी दार लावून घेतलं आणि ते नाव पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही, आज तुमच्यापुढं काढलं तेवढंच.

दादानं पोरीचं नाव बदललं. माझ्याच शाळेत घातली, शोभा म्हणून. रजिस्टरात मीच लिहिलं. तुळजा, रेणुका आणि शोभा. कुणी नवं माणूस विचारायचं, तिसरीचं नाव असं वेगळं कसं? वहिनी मान खाली घालायची. तिनं सगळं स्वतःवर घेतलं होतं. सगळ्यांनी सांगून आपण हट्टानं कुमारिकेचं नाव ठेवलं, देवीला राग आला, पोरीला भोगावं लागलं, असं तिच्या मनानं घेतलं. दर वर्षी अंबाजोगाईला जाऊन देवीपुढं नाक घासायची. चप्पल सोडली. गोड सोडलं. मी तिच्याबरोबर जायचे, तिची पिशवी धरायला.

शेवटच्या आजारपणात मीच तिचं सगळं केलं. एका सकाळी मी तिची वेणी घालत होते, तेव्हा तिनं माझा हात धरला. म्हणाली, "वन्सं, चांगलं शोभणारं नाव म्हणून मी अडून बसले. माझ्या हट्टापायी तुमच्या तोंडून तसलं नाव पोरीच्या कानात गेलं. तुमच्या जिवाला लागलं असंल. मला माफ करा."

ती माझ्याकडं बघत थांबली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं, सळई नव्हती, घाई नव्हती.

मी म्हटलं, "असू द्या वहिनी. केलं माफ."