सोनईच्या तंबूतलं भूत

मंडळी, आज दुपारपासून माझा कुणावरच विश्वास उरलेला नाही.

या ग्रुपवर मी कितीदा सांगितलंय की हल्लीचे भुताचे पिक्चर फुसके असतात. भूत येणार हे म्युझिकच आधी सांगून टाकतं. खरं भूत मी एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास सोनईला तंबूतल्या टॉकीजमध्ये पाहिलं. मारामारीचा पिक्चर होता. गोळी लागून मेलेला इन्स्पेक्टर पुढच्याच रिळात आरामात चहा पीत बसलेला! माणसं चपला तिथंच टाकून पळाली.

आज तोच पिक्चर मोबाईलवर सापडला. यात इन्स्पेक्टर आधी चहा पितो, मग मरतो. भूत नाहीच! मी ओरडलो, "या मोबाईलवाल्यांनी पिक्चर कापलाय!"

शेजारी शेंगा फोडत बसलेली बायको म्हणाली, "कुनी कापला न्हाई. तंबूत मशीन चालवायला माझाच मामा हुता. त्यानं रिळं मागंपुढं लावली. दुसऱ्या दिवशी दुप्पट गर्दी झाली, मग मालक म्हनला, ऱ्हाऊ दे तसंच."

"तुला हे कवापासून माहीत हाय?"

"लग्नाच्या आधीपासून. तुमी लई रंगवून सांगायचा, म्हनून बोलले न्हाई."

पन्नास वर्षं मी पाहुण्यांना हे भूत सांगतोय आणि ही बाजूला बसून "व्हय, व्हय" करतेय!

आता ती पुन्हा शेंगा फोडतेय आणि गालातल्या गालात हसतेय. मंडळी, हिच्याकडं अजून किती रिळं असतील हो?