हातमोजा, पावडर आणि एका महिन्याचे धान्य

निवेदन लिहिणारा : मी स्वतः, वय पन्नाशीच्या अलीकडे, धंदा अर्जनवीस, बैठक आठवड्यातले तीन दिवस जुन्नर व दोन दिवस घोडेगाव. ज्यांच्याविषयी लिहिले ते : घाटघरच्या बाजूच्या एका वाडीवरचे भातशेतकरी, वयाने मला वडील. साक्षीदार : एकच, पूल खेळण्याच्या हॉलचा मालक, मूळचा पिंपळवंडीचा, घरी कांदा आणि ऊस. काळ : भाताची आवणी, म्हणजे लावणी, उरकल्यापासून भात निसवेपर्यंत, म्हणजे लोंब्या बाहेर पडेपर्यंत. तारखा व नावे माझ्या वहीत आहेत. येथे ती देत नाही, कारण आमच्या तिघांपैकी कोणाला गुन्हेगार म्हणावे, हे लिहायला बसलो तेव्हाही मला ठरवता आले नव्हते.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले आहे. तथापि दोन तालुक्यांतल्या कित्येक पदवीधरांनी आपले म्हणणे माझ्या लेखणीतून सरकारपुढे मांडले आहे, हे नम्रपणे नमूद करतो.

जुन्नरला तहसील कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलासमोर, रस्त्यापलीकडे, हा हॉल आहे. कचेरी जेवायला उठली की मी तेथे जाऊ लागलो. खेळ दिसायला सोपा आहे. हिरव्या कापडावर डावा पंजा टेकवायचा, अंगठा आणि पहिले बोट यांच्यात खोबण करायची आणि उजव्या हातातली लांब काठी त्या खोबणीतून सरकवून पांढऱ्या चेंडूला टोला द्यायचा. परंतु माझ्या डाव्या तळव्याला घाम येतो. काठी निम्म्यात अडकते, मग एकदम सुटते, आणि पांढरा चेंडू स्वतःच भोकात जाऊन बसतो.

मालकाने प्रथम पावडर सुचवली. मी ती अंगाला लावतात तशी सढळ हाताने घेतली. कापडावर पाच बोटांचा पांढरा पंजा उमटला आणि दुपारी एका वारसनोंदीच्या अर्जावरही तोच पंजा गेला. मग त्याने हातमोजा दिला. त्याला अंगठा आणि दोनच बोटे होती.

"उरलेली दोन बोटं कुठं गेली?" मी विचारले.

"भाऊसाहेब, काठी घासती ती तीनच. बाकीची दोन टेबल धरून ठेवायला मोकळी पायजेत."

"म्हणजे अर्धा हात सरकता आणि अर्धा हात घट्ट?"

"आता कसं बोललात!"

मला ते पटले नाही. हात गुळगुळीत करायचा की काठी, हेच मला उमगेना. त्याने काठी पुसायला एक मऊ कापड दिले, काठीवरचा चिकटा काढायला बारीक घासकागद दिला. मी सर्व उपाय एकदम केले. काठी सुळकन गेली आणि चेंडूला न लागताच पुढे गेली. मालक खुर्चीत बसून हसत होता. "राव, अर्ज लिवताना असंच सुटता का?"

अशा दिवसांत वर सांगितलेले भातशेतकरी बाबा आले. रेशनच्या मशीनवर त्यांचे बोट लागत नव्हते, त्याचा अर्ज हवा होता. घरी ते आणि त्यांची बायको. बायकोला गुडघ्यांमुळे दुकानापर्यंत चालवत नाही. बोटाऐवजी चालणारा मोबाईलवरचा आकडा कोणाच्या तरी बंद पडलेल्या नंबरावर जातो. मागच्या महिन्यात एका बोटाने कसेबसे काम झाले होते. नवे भात घरात येईपर्यंत या धान्यावरच भागवायचे होते.

झेरॉक्सवाल्याची वीज गेलेली होती, म्हणून मी त्यांना हॉलमध्ये बसवले. मालकाला थट्टेची सवय.

"पावणं, मारा की एक टोला. पैसं न्हाई लागत."

"मला काय येतंय त्यातलं," बाबा म्हणाले. पण उठले. माझ्याकडे बघून पंजा तसाच टेकवला आणि काठी पुढे केली. हातमोजा नाही, पावडर नाही. काठी त्या खोबणीतून अशी गेली की आवाजसुद्धा आला नाही. लाल चेंडू कोपऱ्यात पडला. दुसरा टोलाही तसाच सरळ गेला.

मालक खुर्चीतून उठला. "राव, ह्यो हात कुठनं आणला?"

"हात कुठला आणायचा? घरचाच हाय. खाचरात, बांधावर ऱ्हाऊन झालाय असा."

मालकाने त्यांचा अंगठा उजेडात धरला. "भाऊसाहेब, हिकडं या. रेघाच न्हाईत की."

मीही पाहिले. बोटाचे टोक नदीतल्या गोट्यासारखे होते. येथे शहाण्या माणसाने गप्प बसावे. परंतु लोक मला विचारतात आणि मी उत्तर देतो, ही माझी जुनी सवय. मी विचार केला की माझे घामट बोट काठीला चिकटते, तसे बाबांचे बोट मशीनच्या काचेला चिकटत असेल आणि ठसा फिसकटत असेल. मी कागदाची पुडी करून त्यात पावडर बांधली.

"बाबा, बोट लावण्याआधी ही नीट चोळा. अर्जाची गरजच पडणार नाही."

"तुमी म्हणताय तर चोळतो," ते म्हणाले आणि घाटघरची एसटी धरायला गेले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते परत आले.

"लावली का पावडर?"

"लावली की, दाही बोटांना. दुकानदार म्हणला, बाबा, लगीन हाय का कुनाचं?"

"मग?"

"मग काय, मशीन गपगार. मागं ह्या मधल्या बोटानं सातव्या-आठव्या टायमाला तरी घेतलं व्हतं. आता त्यानंबी न्हाई."

"हात धुवायचे होते."

"धुतलं. पुसलं. परत लावलं. मागं लई लाईन व्हती. मग रेंज गेली. दुसऱ्या दिशी म्हैना बदलला. दुकानदार म्हणला, गेल्या म्हैन्याचं आता न्हाई मिळायचं."

मालक टेबल झाडत होता. तो हसला नाही. "भाऊसाहेब, पावडर सरकायला असती. मशीनला बोट सरकून चालत न्हाई, त्याला रेघ धरायची असती."

हे मला आधी कळायला हवे होते की नाही, याचा मी अजून विचार करतो. बाबांच्या ज्या हाताला टेबल बिनतक्रार मानत होते, त्याच हाताला मशीन ओळखत नव्हते, आणि मी मधे पडून मधले बोटही घालवले.

मी अर्ज लिहायला घेतला. पहिल्या मसुद्यात लिहिले : "शेतीकामामुळे बोटांचे ठसे झिजले असून..." पावडर गाळली. वाचून पाहिले तर गेल्या महिन्याचे धान्य का बुडाले, याचे कारणच त्यात नव्हते. दुसऱ्या मसुद्यात लिहिले : "अर्जदाराने बोटांस पावडर लावली असता..." मालकाने तो वाचला.

"असं गेलं तर सायेब म्हणतील, बाबांनीच मशीनला फसवायला लावली. उलट त्यास्नीच नोटीस यायची."

बाबा बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. "भाऊसाहेब, कुनाचाबी दोष लिवू नका. नुसतं लिवा, हात माजाच हाय."

हे वाक्य कोणत्या कलमाखाली बसवावे, मला सुचेना. इतक्या वर्षांत मी हजारोंचे हात अर्जाखाली टेकवले आहेत. हा हात तुमचाच आहे का, असे मी कोणाला विचारले नव्हते, आणि कोणी तसे लिहून द्या म्हटले नव्हते.

शेवटी तिसरा मसुदा केला : "सदर पावडर हा अर्ज लिहिणाऱ्याच्या चुकीच्या सल्ल्यावरून व त्यानेच दिल्यामुळे लावण्यात आली. अर्जदाराचा त्यात कोणताही हेतू नाही." त्याखाली माझे पूर्ण नाव घातले आणि सही केली. बाबांनी शाईच्या पॅडवर अंगठा दाबून कागदावर टेकवला. निळा, भरीव, गुळगुळीत डाग उमटला. आत एकही रेघ नव्हती. खिडकीवरच्या कारकुनाने तो बराच वेळ पाहिला आणि पोच दिली. अजून उत्तर नाही. खाचरात भात निसवले आहे, पण निसवलेले भात शिजवता येत नाही.

म्हणून ज्या कोणाच्या अधिकारात हे येत असेल त्यांना माझे मागणे : बुडालेल्या महिन्याचे धान्य त्या घराला द्यावे. ठसा उमटत नसेल तर वाडीतल्या चार माणसांना विचारून त्यांची ओळख पटवावी. मला वाटते ओळख अशीही पटते, पण माझे वाटणे एकदा चुकले आहे, म्हणून तसे करता येते की नाही हे लेखी कळवावे. सल्ला देणारा म्हणून माझ्यावर जो ठपका येईल तो मला मान्य आहे. उत्तर मात्र माझ्या टेबलावर नको, त्यांच्या वाडीवर पाठवावे, आणि कोणीतरी ते त्यांना वाचून दाखवावे.