ताईबाईनं बुजवलेला पाइप

ताईबाईच्या सासऱ्यानं वस्तीतली माणसं हाताशी धरून विहीर खणली होती, कारण गावच्या विहिरीवर त्यांना चढू देत नव्हते. दौंड तालुक्यातल्या त्या बौद्ध वस्तीला पाण्यासाठी कुणाचं तोंड बघावं लागत नाही, याचा ताईबाईला मोठा अभिमान होता.

नव्वद सालानंतर माळावर कारखाने आले. तिचा महेंद्र एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडं लागला. पोरगा शिफ्टला जातो म्हणून तीही खूश होती. मग विहिरीचं पाणी तांबूस झालं. भाताला औषधाचा वास येऊ लागला. महेंद्रच्या लेकीच्या, गौतमीच्या, अंगावर फोड उठले. कंपनीचे साहेब म्हणाले, आम्ही पाणी शुद्ध करूनच सोडतो. सरकारी माणसं बाटल्या भरून घेऊन गेली ती गेलीच. गावचे सरपंच मारुतराव म्हणाले, तुमच्या विहिरीपुरतंच आहे, टँकर देतो. तो टँकर आधी गावात फिरायचा. वस्तीवर यायचा तो तळाचा गाळ घेऊन.

एका सकाळी विहिरीशेजारच्या ओढ्यात कंपनीच्या पाइपातून वाफाळतं लाल पाणी पडताना ताईबाईनं पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. तिनं शेजारच्या गिताबाईला आणि वस्तीतल्या आणखी बायकांना गोळा केलं, पोत्यांत माती भरायला घेतली. महेंद्र धावत आला.

"आई, माझं काम जाईल."

"जाऊ दे. तुझी पोरगी खाजवून खाजवून रक्त काढतीया. आमच्या माणसांनी हातानं काढलेलं पाणी त्यांनी नासवलं, आन् मी गप बसू व्हय?"

दिवसाढवळ्या पाइप बुजला. दुपारपर्यंत कंपनीचं पाणी कंपनीच्याच आवारात तुंबलं. साहेब नाकाला रुमाल लावून गेटाबाहेर उभे राहिले. संध्याकाळच्या आत ताईबाईला पोलिसांनी दौंडला नेलं. फौजदारानं विचारलं, तुला कुणाची फूस आहे? तिनं सांगितलं, कुणाची न्हाई, पाणी आमचं हाय.

दुसऱ्या दिवशी तिला सोडलं, पण महेंद्रला कामावरून काढलं. कितीतरी दिवस तो आईशी धड बोलला नाही. तिला ते लागलं, पण केलं त्याचा पस्तावा झाला नाही. कंपनीनं पाइप जमिनीखालून पुढं नेला आणि मारुतरावांच्या उसाच्या वरच्या अंगाला सोडला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या बोअरला लाल पाणी आलं.

मारुतराव वस्तीवर आले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिला अहोजाहो केलं. मोर्चा काढायचाय, बायका घेऊन तुम्ही पुढं चला, म्हणाले.

तिनं त्यांना बसा म्हटलं नाही. "सरपंच, आमची पोरं फोडांनी रडत हुती तवा ते आमच्यापुरतं हुतं. आता तुमच्या उसाला लागलं, म्हंजी समद्यांचं झालं?"

उद्यापासून टँकर आधी वस्तीवर येईल, असं मारुतरावांकडून चारचौघांत कबूल करून घेतलं, तेव्हाच ती मोर्चाला निघाली. कंपनीला नोटीस लागली. काही दिवस बंद राहून ती पुन्हा सुरू झाली. भोंगा वाजला तेव्हा ताईबाई अंगणात भांडी घासत होती. हातातलं पातेलं तिनं भिंतीवर भिरकावलं आणि गिताबाईला हाक मारली.