योगराजचा डावा पाय

नागझिरा अभयारण्याच्या चोरखमारा गेटवरच्या सफारी जिप्सीवाल्यांत योगराज मडावीच्या डाव्या पायाची ख्याती होती. पायाची कसली ख्याती, असं म्हणून बाहेरचा माणूस हसेल. हसू द्या बापड्याला. योगराजच्या गाडीत मागे उभं राहिलेल्या पर्यटकाचा तोल कधी गेला नाही आणि रस्त्याकडेच्या चितळाने तोंडातला चारा कधी टाकला नाही. गाडी थांबायची, पण थांबली कधी ते कुणाला कळायचं नाही. तीसेक वर्षं जंगलातल्या त्या मुरमाच्या रस्त्यांवर हे असंच चाललं.

शेवटी त्याच पायाने दगा दिला. गुडघा इतका झिजला की डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आता क्लच विसरा. सांगणं सोपं असतं. योगराज एसटीत बसला तरी उतार आला की त्याचा डावा पाय आपोआप खालचा पत्रा दाबायचा. गुडघ्यातून कळ मस्तकात जायची, शेजारचा माणूस दचकून बघायचा, आणि पुढच्या वळणावर पाय पुन्हा दाबायचा तो दाबायचाच.

मुलगा उमेंद्र तिरोड्यात मोबाईल दुरुस्त करायचा. त्याला गाडीत काडीचा रस नव्हता. जिप्सी अंगणातल्या मोहाखाली उभी राहून धूळ खाऊ लागली. एक व्यापारी येऊन टायरं ठोकून गेला, सोमवारी नेतो म्हणाला. योगराजला विकण्याचं दुःख नव्हतं. त्याला भीती होती ती वेगळीच. गाडी गेली की गेटच्या आत जायला काही कारणच उरणार नव्हतं.

तेव्हा चुलीपाशी बसलेली सून रीना म्हणाली, "मामाजी, मी चालवीन."

रीनाकडे लायसन्स होतं आणि माहेरी तिने धानाच्या बांधीत ट्रॅक्टर चालवला होता. योगराजला वाटलं, अर्धं काम झालं. पण घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. चिखलणीच्या वेळी क्लच दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहतो, कारण चिखलच त्याला धरून ठेवतो. रीनाच्या पायाला हेच माहीत. उतार दिसला की ती आधी क्लच दाबायची, जिप्सी दावं तुटलेल्या गोऱ्ह्यासारखी मोकाट सुटायची, मग घाबरून करकचून ब्रेक, आणि योगराजचं कपाळ समोरच्या काचेवर.

"काऊन दाबला क्लच?"

"थांबवाची होती ना गाडी, मामाजी."

"हे बांधी नाही बाई. तिथं चिखल धरते, इथं कोण धरीन? इंजिनच धरीन. त्याचा हात तू कायले सोडून राहिली?"

मग तो कपाळ चोळत पुन्हा सांगायचा. आधी अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढ. ब्रेकला नुसता पाय लाव. गाडी गिअरातच राहू दे, इंजिनचा आवाज जड होऊ दे. मग क्लच, खालचा गिअर, थोडंसं पेट्रोल, आणि क्लचवरचा पाय हळूच वर. "झोपलं लेकरू खाली ठेवतं ना, तसा. जागं नाही झालं पाह्यजे."

रीना गाडी घेऊन तलावाच्या बांधावर, पाळीवर, जायची, यायची, शिव्या खायची, पुन्हा जायची. रविवारच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी योगराज म्हणाला, "उद्या तू घेऊन चाल. जमलं त गाडी तुही, नाही त बेपाऱ्याची."

सकाळी गोंदियाचं एक जोडपं बसलं, पुढे गाईड जंगलू, आणि मागच्या बाकाच्या कोपऱ्यात योगराज. जन्मात पहिल्यांदा तो आपल्याच गाडीत मागे बसला होता. पाय दाबून दाबून गेटजवळच त्याचा गुडघा ठणकायला लागला.

नाल्याकडे उतरणारा रस्ता आला. वळण संपलं आणि खाली, रस्त्याच्या मधोमध, गव्याची मादी उभी होती. काळीभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखी. तिच्या पोटाखाली नुकतंच जन्मलेलं, अजून ओलं, तांबूस वासरू. इथे करकचून ब्रेक लागला की मुरमावर चाकं घसरणार, खडे उडणार, आणि बाळंतीण गवा कुणाचं ऐकत नाही.

वासराने पुढचे पाय टेकले. मागचे उचलले. पडलं. आईने श्वास सोडला, त्याची वाफ गारव्यात दिसली. तिने वासराला खालून नाकाने ढोसलं आणि ते पुन्हा उठलं, चार पाय चार दिशांना. या वेळी उभं राहिलं.

योगराजच्या अंगावर काटा आला. जंगल त्याच्या घराच्या कुंपणाला लागून होतं आणि त्याने हे कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कसा? त्याने हजारो लोकांना वाघ दाखवले, अस्वलं दाखवली. त्याची स्वतःची नजर मात्र आरशात, खड्ड्यात, मागे घ्यायच्या वाटेवर. त्याच्या वाट्याला जनावराचं कधी शेपूट आलं, कधी कान. एवढं अख्खं जनावर, एवढा वेळ, देवाने आज दिलं. त्याने नकळत हात जोडले. डोळे भरून आले आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

पुढून रीनाची घाबरी कुजबुज आली. "मामाजी, गाडी थांबवताना झटका बसला का?"

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की गाडी थांबली आहे. कधी थांबली, कोणत्या गिअरातून थांबली, काही पत्ता नव्हता. त्याने खाली पाहिलं. डावा पाय चपलेतून निघून पत्र्यावर सैल पडला होता.

"बेपाऱ्याले फोन लाव, येऊ नोको म्हणा," योगराज हळूच म्हणाला. "घरी गेल्यावर. आता चूप बस बाई. मले पाहू दे."