धुरपतानं टाकीकडं पाह्यलं

धुरपता माही लहान बहीन होय, सख्खी. मी बिसराम, कामठ्याचा, सातवी पास. पन इकडं माह्या शब्दावर लोक सोयरीक जोडतेत. अन् माह्या बहिनीसारखी उलटं चालनारी बाई अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात नाही, हे मी लिहून देतो.

उलटं म्हंजे मागं-मागं. रोवन्याले बाया वाकून धान लावत मागं सरकतेत. मागं बांधाचा धुरा हाय का खड्डा, कोनी वळून पाहात नाही. धुरपता बारा वर्साची होती तवापासून सगळ्यायच्या अगोदर धानाच्या बांधीच्या त्या टोकाले.

तीन वर्साअगोदर तिचा नवरा, आमचे जावई, कोहमाऱ्याजवळ ट्रकखाली गेले. पोरबाळ नाही. मी तिले घरी आनलं, शिलाईची मशीन घेऊन देल्ली. कुडव्याच्या एका मॅडमचे ब्लाउज द्याले गेली, तं त्यायच्या गच्चीवर नाच चालू. टँगो म्हनतेत त्याले. मॅडमचा नवरा पोरायले विमान चालवाले शिकवते. त्यातलीच पोरंपोरी, एक बँकेतला बुवा, एक रिटायर मास्तर. एक बाई कमी पडत होती. टँगोत मानूस पुढं चालते अन् बाई उलटी, मागं-मागं. मॅडमनं धुरपताले उभं केलं. कोनाले उभं केलं हे मॅडमले काय माहीत!

पन पैले चुकलीच. रोवन्यात रेंगाळलं तं बाजूची बाई टोमना मारते, मनून धुरपता समोरच्यानं पाय उचलाच्या अगोदरच सरके. मॅडम ओरडे, "धुरपता, थांब! त्याला आधी येऊ दे." थांबाले शिकाले तिले चार महिने लागले. रोवना चार दिवसात शिकली होती.

तवा मले यातलं काहीच माहीत नव्हतं. पानठेल्यावर यादोरावनं सांगतलं.

"काहो बिसरामभाऊ, तुमची बहीन परक्या मानसाच्या खांद्यावर हात ठेवून नाचून राहिली मंते?"

"तुही बायको तुले पाहून पळते यादोराव, अगोदर तिले धर," मी म्हटलं. लोक हासले. पन माहं डोस्कं सनकलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी कोहमाऱ्याचा शालीकराम धुरपताले पाहाले येनार होता. त्याचा ढाबा हाय, बायको वारली, मानूस चांगला. पाट लावून देतो, बहिनीचं दुसरं लगन करून देतो, असा शब्द मी देऊन बसलो होतो. धुरपताले विचारलं नव्हतं. मोठ्या भावानं कायले विचारायचं, असं मले वाटे.

इतवार होता. हात धरून आनतो मनून गाडी काढली, कुडव्याले गेलो, गच्चीवर चढलो. धुरपता खुर्चीवर बसली होती, पदर खोचून, पायात मोजे. बँकेतल्या बुवानं दुरून तिच्याकडं पाह्यलं. तिनं मान फिरवली अन् पान्याच्या टाकीकडं पाहत राह्यली. तो बुवा चुपचाप दुसरीकडं वळला.

"हे काय झालं?" मी मॅडमले विचारलं.

"इथं नजरेनंच विचारतात, भाऊ. बाईनं नजर दिली तर हो. नाही दिली तर नाही."

"अन् मानसाची इज्जत?"

"कुणाला कळलंच नाही, तर जाईल कशी?"

मंग मास्तरनं पाह्यलं. धुरपतानं मान हलवली, उठली, अन् त्यायच्या खांद्यावर हात ठेवून डोळे मिटले. जावई गेल्यापासून हे पोरगी दुपारी आडवी झाली तरी डोळे सताड उघडे ठेवे. इथं मिटून चालून राहिली होती. पेटीसारखं कायतरी वाजत होतं. ते थांबलं का धुरपता थांबे. मास्तरचा पाय आला का हिचा जाय. टाकी, कपड्याची तार, कुंड्या, कशालेच धक्का नाही.

मी हात धरला नाही. येताना गाडीवर मागून म्हने, "दादा, माराले आलता?"

"नाही. पाहाले."

"कशी नाचतो मी?"

"ठीक," मी म्हटलं. जास्त बोललो असतो तं गाडी थांबवा लागली असती. उद्या शालीकराम येनार, हे तं तोंडातून निघालंच नाही.

सकाळी नऊले शालीकराम आला, संगं त्याचा काका बकाराम. धुरपतानं चहा आनला.

"पोरीची हरकत नाही ना, बिसरामभाऊ?" बकारामनं विचारलं.

"माहा शब्द हाय," म्हनाले मी तोंड उघडलं. तेवढ्यात शालीकरामनं धुरपताकडं पाह्यलं, एकदाच, अदबीनं. तिनं मान फिरवली. दारातून आमची पान्याची टाकी दिसते. तिकडं पाहत राह्यली.

"लाजली," बकाराम हासला.

मी कप खाली ठेवला. "पाहुने, शब्द मी देल्ता. मीच वापस घेतो. बहीन नाही म्हनते."

"अजी, ते बोलली कुठं?" बकारामनं विचारलं.

"सांगतलं तिनं. मी पाह्यलं."

कामठ्यात बिसरामचा शब्द पैल्यांदा फिरला. बकाराम ताडकन उठला. शालीकरामनं मात्र चहा पुरा पेला, मले हात जोडले अन् चुपचाप बाहेर गेला.

तवा धुरपतानं टाकीवरची नजर काढली अन् माह्याकडं पाह्यलं.