तंबूसमोरचं टेबल

वाळूत चालवायची बाइक भाड्याने घेताना फॉर्मवर मुलाचं वय मी सोळा लिहिलं. तो चौदाचा होता. सोळाच्या आतल्यांना छोटी चारचाकी क्वाड बाइक मिळायची आणि आमच्या चिरंजीवांना मोठी हवी होती. "बाबा, प्लीज, जस्ट राइट सिक्स्टीन." मी डोळा मारला आणि लिहिलं. कंपनीत मी सेफ्टी विभागात आहे, हेही सांगून टाकतो. दुसऱ्यांच्या हेल्मेटचे पट्टे तपासण्याचा मला पगार मिळतो.

वाळूच्या तिसऱ्या टेकडीचा पलीकडचा उतार कापल्यासारखा तुटलेला होता. बाइक तिथून उलटली. मी खाली उभा राहून व्हिडिओ काढत होतो.

मुलगा गेला त्या दिवशी बायको घरी होती. वयाचं मी तिला सांगितलं नाही. हेल्मेटचा पट्टा तुटका होता, एवढंच सांगितलं, आणि तेही खोटं नव्हतं. मग आम्ही दोघांनी बाइक भाड्याने देणाऱ्या त्या माणसाचा वाळूतला तंबू उठवायचं ठरवलं. लोक त्याला जनजागृती म्हणायचे. शाळेच्या पालकसभेत आम्ही बोलायचो, आया डोळे पुसायच्या. आमच्या मनात एकच: त्या माणसाचं वाटोळं.

पहिल्याच शुक्रवारी अल मुंतझातल्या फ्लॅटमधून घडीचं टेबल, मुलाचा युनिफॉर्ममधला फोटो आणि चहाचा थर्मास घेऊन निघालो. वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करायची, हे दोहातलं शेंबडं पोरही जाणतं. मी विसरलो. गाडी रुतली ती नेमकी त्याच्या तंबूसमोर. अर्धा तास चाकं फिरवून मी तिला आणखी खोल पुरलं. शेवटी त्यानेच दोर लावून आम्हाला ओढून काढलं. सवयीने माझ्या तोंडून "शुक्रन" गेलं.

"आभार मानून झाले असतील तर टेबल मांडा," बायको म्हणाली.

सगळा हिवाळा आम्ही दर शुक्रवारी तिथे बसलो. मुलं घेऊन आलेली गाडी दिसली की बायको फोटो उचलून पुढे जायची, तुटक्या पट्ट्याचं सांगायची. मी मागून मान हलवायचो. गाडी परत वळली की ती मला चहा ओतायची. तसा गोड चहा मी जन्मात प्यायलो नाही. हळूहळू त्याच्या बाइकींवर वाळू साचू लागली. मला झोप छान लागायची.

मग एका शुक्रवारी तो स्वतःच टेबलापाशी आला. हातात एक प्लास्टिकचा फोल्डर. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"दीदी, मैं जा रहा हूँ. खलास. पट्टा टूटा था, मेरी गलती. बस ये भी देख लो."

फोल्डरमधला मी भरलेला फॉर्म टेबलावर ठेवून तो तंबूचे दोर सोडायला गेला. बायकोने कागद वाचला. सही पाहिली. पुन्हा वर जाऊन वयाचा रकाना वाचला. मी उगाच टेबलाचा पाय वाळूत घट्ट करत बसलो.

"जिंकलो की आपण," मी म्हणालो. "चालला बघ तो."

तिने फॉर्म फोटोशेजारी ठेवला, उडू नये म्हणून त्यावर थर्मास ठेवला. चहा ओतला नाही.

"पुढच्या शुक्रवारी पलीकडच्या तंबूसमोर बसायचं," ती म्हणाली. "हा कागद या टेबलावरच राहील. येईल त्याला तुम्ही वाचून दाखवायचा. तुमचं घाणेरडं अक्षर दुसऱ्या कुणाला लागत नाही."