पाटलाकडे परत गेलेला वाटा

अन्याय झाला तो आमच्या संडे स्कूलच्या बाईंवर. एकोणऐंशी साली, दसऱ्याच्या आधीच्या दुसऱ्या रविवारी, सकाळच्या उपासनेत, अर्पणाची थैली फिरून झाल्यावर आणि आशीर्वादाच्या आधी. मी तिसऱ्या चटईवर बसले होते, म्हणून साक्षीदाराच्या नात्याने लिहिते. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या चार वडिलांपैकी सगळ्यात थोरले उभे राहिले आणि म्हणाले, की बाईंना आजपासून विश्रांती देण्यात येत आहे. बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या होत्या, दीड एकराची धानाची बांधी एकट्या सांभाळत होत्या, आणि विश्रांती त्यांनी कुणाकडेही मागितली नव्हती.

आमचं गाव भंडाऱ्याहून एस.टी.नं दीड तासावर. वरती तलाव, खाली धान. गाव हिंदू शेतकऱ्यांचं, त्यात ख्रिस्ती घरं सात. देव वेगळा असला तरी पाणी एकाच तलावाचं. पाऊस दगा देऊन गेला आणि धान पोटरीत असलं, की तलाव उघडावा लागायचा. उघडण्याआधी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, तिथल्या देवापुढे बोकड कापायचे. मग ज्या ज्या घरची बांधी त्या पाण्यावर, त्या प्रत्येक घरी पळसाच्या पानात बांधलेला वाटा जायचा. कुणाला वगळायचं नाही, ही गावाची रीत. त्यात गावाचा प्रेमळपणाच होता, ह्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आमच्या सात घरांची आहे. देवापुढे ठेवलेलं खायचं की नाही, हे कुणी कधी ठरवलंच नव्हतं. ठरलं होतं ते एवढंच, की वाटा मागच्या दारानं घ्यायचा. पुढच्या दारावर बायबलच्या वचनाची पाटी होती, तिला उगाच संकोच नको. आमच्या घरी बाबा आधी प्रार्थना करायचे. त्या दिवशी ती जरा लांबायची, कारण मटण शिजायला वेळ लागायचा. थोरल्या वडिलांकडे तर शास्त्राचा आधारसुद्धा तयार होता. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, असं बायबलातला प्रेषितच लिहितो, तेव्हा तिच्यापुढचं मटण हे निव्वळ मटण. त्याच प्रेषिताने पुढच्या पानावर मूर्तीपुढचं खाऊ नका असं लिहिलंय, ते पान मात्र त्यांना माझ्या आठवणीत कधी सापडलं नाही. बहुतेक रश्शाने चिकटलं असावं.

बाईंच्या घरी आधी त्यांचे यजमान वाटा घ्यायचे. बाई खात नसत, पण बोलतही नसत. यजमान वारल्यावर तलाव पहिल्यांदा उघडला तो एकोणऐंशी साली, आणि वाटा थेट त्यांच्या हातात आला. मागच्याच रविवारी त्यांनी आम्हा अकरा पोरापोरींना राजाच्या मूर्तीपुढे न वाकणाऱ्या तिघांची गोष्ट सांगितली होती. सांगताना स्वतः ताठ उभ्या राहून दाखवलं होतं. आता ते पान चुलीवर चढवायचं, तर रविवारी आमच्यापुढे उभं कसं राहायचं?

त्या पान घेऊन भर दुपारी, पुढच्या रस्त्यानं, पाटलाच्या घरी गेल्या. पाटील म्हणजे तलावाच्या पाण्याचे नंबर लावणारा म्हातारा शेतकरी. हे मला पाटलाच्या सुनेनं पुढे सांगितलं, आणि ती मीठमसाला लावणाऱ्यातली नाही.

"पाटीलभाऊ, राग नका मानू," बाई म्हणाल्या. "हे तुमच्या देवापुढं झालं. मी दुसऱ्याची हावो. मले हे घेता येत नाही. त्याच्या बदल्यात पाळीवर माती टाकाले सांगा, दोन दिवस टाकतो."

पाटलांनी पान घेतलं. म्हणाले, "मास्तरीनबाई, पाणी नंबरानंच भेटल. मटणाचा अन् पाण्याचा काय संबंध?" आणि बाई वळल्यावर त्यांनी मागून हळूच विचारलं, "पण मले एक सांगा, बाकी सहा घरचा देव कोणता हाय?"

बाई तशाच घराकडे चालत गेल्या. पाटील मात्र हे वाक्य स्वतःवरच खूष होऊन चार जणांना सांगत सुटले, आणि दिवस मावळायच्या आत ते सहाही घरी पोचलं. तेव्हा रस्सा उकळत होता.

शनिवारी आमच्याच पडवीत वडिलांची बैठक बसली, बाईंनाही बोलावलं. बाबा मंडळीचे सेक्रेटरी, म्हणून लिहायला तेच. मी दाराशी तांदूळ निवडत होते. चहा दोनदा झाला, धानाच्या रोगावर चर्चा झाली, मग विषय निघाला. बाईंनी गावात फूट पाडली, असा आरोप. बाईंनी शांतपणे विचारलं की फूट कुठं पडली, पाणी तर काल त्यांच्या बांधीत आलं. मग आरोप बदलला. त्यांनी गर्व केला, स्वतःला इतरांहून पवित्र समजल्या. एक वडील कळवळून म्हणाले, की त्यांनी तर त्या दिवशी दोनदा प्रार्थना केली होती. कशासाठी दोनदा, ते कुणी विचारलं नाही. एकदा फोडींसाठी आणि एकदा रश्शासाठी, असं मी मनात धरलं.

शेवटी थोरल्या वडिलांनी बाबांनी लिहिलेला कागद पुढे केला. मी गर्वाने वागले, क्षमा असावी, एवढं लिहून सही करायची आणि विषय संपवायचा. बाईंनी कागद वाचला. म्हणाल्या, "मागच्या वर्षी मी एका पोराले पट्टी मारली, त्याची माफी लिहून देतो. गीत बेसूर म्हणतो, त्याचीही देतो. पण ह्याची कशी देऊ? ह्याची दिली त उद्या पोरांले काय सांगू?"

"मग पोरांना सांगायची गरजच पडणार नाही," थोरले वडील म्हणाले.

आणि पडली नाही. दुसऱ्या दिवशी विश्रांती जाहीर झाली. वर्ग एका वडिलांच्या सुनेकडे गेला. ती बिचारी चांगली होती, पण तिने आम्हाला वर्षभर नोहाच्या तारवाच्या चित्रात रंग भरायला लावलं. महिन्यातून एकदा येणाऱ्या पाळकसाहेबांना सगळं कळलं. त्यांनी दोन्ही बाजूंनी समजुतीने घ्यावं असं सांगितलं आणि भंडाऱ्याची शेवटची एस.टी. गाठायची म्हणून लवकर निघाले.

बाई मंडळी सोडून गेल्या नाहीत. दर रविवारी येतात, मागच्या चटईवर बसतात, बेसूर गातात. पोरं वर्गाला उठून गेली, की दाराकडे बघतात आणि मग पुस्तक उघडतात. हे अजून चालू आहे.

मी भंडाऱ्याला कॉलेजात गेले आणि पत्रकं काढायला शिकले. दारूविरुद्ध काढली, हुंड्याविरुद्ध काढली, हात सायक्लोस्टाइलच्या शाईने कायमचे काळे. मग वाटलं, आता आपल्या घरचं. चार पानी पत्रक लिहिलं. मथळा होता, "मटणपंथी वडिलांनो, जनता उत्तर मागते!" जनता म्हणजे सात घरं, पण पत्रकात जनता लागते. दोनशे प्रती काढल्या आणि वाटण्याआधी एक बाईंना दाखवायला नेली. शाबासकी मिळेल, अशी खात्री होती.

त्यांनी चष्मा लावून चारही पानं वाचली. एकदा हसल्यासुद्धा, बहुतेक दोन प्रार्थनांच्या जागी. मग विचारलं, "तू त्या दिवशी खाल्लं होतं का?"

खाल्लं होतं. वरून रस्सा मागून घेतला होता. तसं सांगितलं.

"मग ह्याच्यात तुझं नाव काहून नाही?"

मी बारा वर्षांची होते, असं म्हणाले. त्या म्हणाल्या, बारा वर्षांच्यांनाच तर त्या ती गोष्ट सांगत होत्या. मग पत्रक घडी करून माझ्या हातात दिलं. "त्यायले लाज आणून मी काय करू, पोरी? मले लाज नाही पाहिजे. मले पोरं पाहिजेत."

दोनशे प्रती मी वाटल्या नाहीत. बाबांना जाऊन विचारलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि कबूल केलं, की चूक झाली होती, हे त्यांना तो कागद लिहितानाच माहीत होतं. पण आता जुनं झालं, उकरून काय मिळणार? मी म्हटलं, वर्ग मिळेल. ते म्हणाले, बघू. तो बघू अजून चालू आहे.

तेव्हा हे पत्रक नव्हे. ह्यात माझं खाणं आहे आणि माझ्या बापाचं लिहिणंही आहे. तुमच्याही मंडळीत कुणीतरी असेल, जिने तुम्ही गिळलं ते परत केलं आणि म्हणून तुम्ही तिला मागे बसवलं. तिला चहाला बोलावू नका, नाताळात साडी देऊ नका, सत्कार तर मुळीच करू नका. येत्या रविवारी सगळ्यांसमोर उभे राहा, काय खाल्लं ते सांगा, आणि तिचं काम तिच्या हातात परत द्या.